नळ, गटार आणि मधली गल्ली

१. शुद्ध केलेले पाणी वस्तीत येईपर्यंत बिघडते कसे?

शहरातील गरीब वस्त्यांच्या पाण्याविषयी एक प्रश्न सर्वसामान्य माणूस हमखास विचारतो. महापालिका पाणी गाळून, क्लोरीन घालून सोडते आणि साऱ्या शहराला तेच पाणी मिळते, तर पावसाळा लागताच गॅस्ट्रो, कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण ठराविक वस्त्यांमधूनच अधिक का येतात? प्रश्न रास्त आहे. मुंबईपुरते पाहिले तर तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी शहराला मिळते, त्याचा मोठा हिस्सा भांडुपच्या केंद्रात शुद्ध केला जातो आणि तेथून निघताना ते पिण्यास योग्य असते. बिघाड होतो तो वाटेत, आणि बहुधा वाटेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जेथे पालिकेची मोठी वाहिनी संपते आणि गल्लीतून, गटाराच्या काठाने, कित्येकदा गटारातूनच घरांकडे जाणाऱ्या अर्ध्या-पाऊण इंची नळ्यांचे जाळे सुरू होते.

हा बिघाड समजण्यासाठी आधी दाबाचा विचार करावा लागतो. वाहिनी पाण्याने पूर्ण भरलेली आणि दाबाखाली असेल, तर तिला तडा गेला तरी पाणी आतून बाहेर उडते आणि बाहेरची घाण आत शिरू शकत नाही, म्हणजे गळती हे नुकसान असले तरी धोका नसतो. भारतातील बहुतेक शहरांत मात्र पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. ज्याला मुंबईत चावीवाला म्हणतात तो पालिकेचा कर्मचारी एका भागाची झडप बंद करून दुसऱ्या भागाची उघडतो, त्याबरोबर पहिल्या भागातील वाहिनी रिकामी होऊ लागते आणि आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो. चिरलेल्या नळीने शहाळे पिऊ लागल्यास पाण्यापेक्षा बाहेरची हवाच अधिक ओढली जाते, तसेच येथे घडते. फरक एवढाच की वस्तीतील नळीभोवती हवा नसते, तुंबलेल्या गटाराचे पाणी असते. त्यात पुरेसे पाणी चढत नाही म्हणून घरोघर मोटर लावून ते ओढले गेले, तर दाब आणखी घसरतो आणि ज्याच्याकडे मोटर नाही त्याच्या वाट्याला शेवटची धार आणि पहिली घाण येते.

याचा पडताळा शेजारच्या कर्नाटकात घेतला गेला आहे. हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झाले आणि उर्वरित शहरात काही दिवसांआड पाणी येत राहिले, तेव्हा एकाच स्रोताच्या पाण्याची दोन्ही भागांतील नळांवर तुलना करणे शक्य झाले. खंडित पुरवठ्याच्या भागातील पाण्यात मैल्याशी निगडित जंतू अधिक वेळा सापडले, विशेषतः पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आणि पावसाळ्यात. मुलांच्या एकूण जुलाबांत अखंड पुरवठ्यामुळे ठळक घट दिसली नाही, पण गरीब कुटुंबांत रक्ताची हगवण कमी आढळली आणि टायफॉइडची नोंदही घटली. चोवीस तास पाणी ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज यामुळे मोडीत निघायला हवा, कारण खंडित पुरवठ्याची झळ ज्याला टाकी, गाळणी आणि पंप परवडत नाहीत त्यालाच अधिक लागते. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने मीटर बसवून चोवीस तास पुरवठा करून दाखवला आहे, त्यामुळे ही गोष्ट केवळ महानगरांच्या आवाक्यातली आहे असेही म्हणता येत नाही.

पुरवठा अखंड होईपर्यंत पहारा देण्याचे काम क्लोरीन करतो. शुद्धीकरणात घातलेला क्लोरीन जंतू मारण्यात खर्ची पडतो आणि जो थोडा शिल्लक उरतो त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. वाटेत थोडीफार घाण मिसळलीच तर हा शिल्लक साठा तिचा बंदोबस्त करतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी त्याचे प्रमाण लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. ते आहे की नाही हे पाहण्याची ओटी चाचणी इतकी सोपी आहे, की शाळकरी मुलेही ती करू शकतात: परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी रंगहीन राहिले तर नाही. मात्र नमुना कोठून घेतला जातो यावर सारे अवलंबून असते. पाण्याच्या टाकीखाली घेतलेला नमुना जवळजवळ नेहमीच उत्तीर्ण होतो आणि वस्तीतील शेवटच्या नळावरचा नमुनाच खरी परिस्थिती सांगतो.

२. हंड्यांचे गणित

पाणी स्वच्छ असणे आणि पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आरोग्यासाठी दुसरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. मुंबई महापालिकेच्या नियोजनात झोपडपट्टीसाठी माणशी दररोज ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असा हिशोब वर्षानुवर्षे धरला गेला. पाच माणसांच्या घराला पहिल्या हिशोबाने २२५ लिटर, म्हणजे १५ लिटरचा एक हंडा धरला तर पंधरा हंडे मिळतात, आणि दुसऱ्या हिशोबाने पंचेचाळीस. पंधरा हंड्यांत पिणे, स्वयंपाक, भांडी, कपडे आणि आंघोळी उरकल्यावर हात धुण्यासाठी आणि संडासात ओतण्यासाठी किती उरते याचा अंदाज कोणत्याही गृहिणीला आकडेमोड न करता येतो. शिवाय हे पंधरा हंडे कागदावरचे आहेत. ज्यांना नळजोडणीच नाही ती कुटुंबे टँकरचे किंवा शेजारच्या नळावरचे पाणी नळाच्या दरापेक्षा कितीतरी पट अधिक पैसे मोजून घेतात, आणि ते भरण्यात घरातील बाईचे आणि मुलीचे तास जातात.

पाणी अपुरे आणि अवेळी आले की साठवण वाढते, आणि साठवणीबरोबर दोन नवे धोके येतात. पिंपात तांब्या बुडवणाऱ्या हातावरचे जंतू पाण्यात उतरतात, त्यामुळे नळावर शुद्ध असलेले पाणी घरात आल्यावर अशुद्ध होते. लांब दांड्याचे ओगराळे, तोटी असलेले भांडे आणि मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे मोजके थेंब हे त्यावरचे साधे पण परिणामकारक उपाय आहेत. दुसरा धोका डासांचा आहे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील उघड्या, स्थिर आणि स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपे रिकामी करून घासावीत, असे आरोग्य खाते सांगते. पण पुढचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसलेल्या घराने भरलेले पिंप ओतून द्यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे.

३. मैल्याच्या वाटा

पाण्यातून होणारे बहुतेक आजार मुळात मैल्यातून होतात. एका माणसाच्या विष्ठेतील जंतू दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पाच वाटांनी पोहोचतात असे आरोग्यशास्त्र सांगते: पाणी, हाताची बोटे, माश्या, जमीन आणि या चारही वाटा जेथे मिळतात ते अन्न. शौचालय ही या सर्व वाटांच्या उगमाशी घातलेली आडकाठी असते, साबणाने हात धुणे ही त्यानंतरची, आणि पाणी उकळणे वा क्लोरीन घालणे ही शेवटची. यातील एकच वाट अडवली तर जंतू उरलेल्या वाटांनी येत राहतात, आणि दाट वस्तीत एका घराने सर्व वाटा अडवल्या तरी शेजारच्या घराच्या वाटा उघड्याच असतात. म्हणून या विषयात घरापेक्षा गल्ली हे अधिक खरे एकक ठरते.

४. रांग

जेथे दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात तेथे प्रत्येक घरात संडास बसवणे अनेकदा अशक्य असते आणि सामूहिक शौचालयाखेरीज इलाज नसतो. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी निकषानुसार अशा शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक कक्ष हवा. समजा, एखाद्या वस्तीत ३०० कुटुंबे, म्हणजे १,५०० माणसे आहेत आणि त्यांत स्त्रिया निम्म्या आहेत. निकषाप्रमाणे स्त्रियांसाठी ३० आणि पुरुषांसाठी २२ कक्ष लागतील. प्रत्येकीने चार मिनिटे घेतली तर एका कक्षासमोरच्या २५ जणींचे काम १०० मिनिटांत होते, म्हणजे सकाळच्या घाईत कसेबसे बसते. आता तेथे स्त्रियांसाठी दहाच कक्ष चालू आहेत असे धरले तर प्रत्येकासमोर ७५ जणी येतात आणि तोच हिशोब पाच तासांवर जातो. ज्यांना सात वाजता कामावर किंवा शाळेत पोहोचायचे आहे त्या मग अंधार असतानाच उठतात, किंवा पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात, ज्यातून मूत्रमार्गाचे आजार बळावतात. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने एक अन्यायही वेशीवर टांगला: सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट होती आणि स्त्रियांकडून पैसे घेतले जात होते.

रांगेत सर्वांत आधी ढकलली जातात ती लहान मुले. ती मग गल्लीत किंवा गटाराच्या कडेला बसतात, आणि मुलांच्या विष्ठेतील जंतू प्रौढांच्या विष्ठेपेक्षा कमी घातक असतात हा समज तर साफ चुकीचा आहे. मुलांची ही गरज अभियंत्यांच्या आराखड्यात फार काळ आलीच नाही. ती आणली वस्तीतल्या बायकांनी. पुणे महापालिकेने १९९९ मध्ये, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, केवळ ठेकेदारांवर न विसंबता स्वयंसेवी संस्थांना शौचालये बांधून चालवण्यासाठी पाचारण केले. स्पार्क ही संस्था आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या महिला मिलनच्या स्त्रिया त्यात उतरल्या. स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा, मुलांसाठी लहान आणि उथळ भांड्यांची वेगळी जागा, पाण्याचा साठा, देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली, अशा गोष्टी त्यांच्या आराखड्यात आल्या. आयुक्त दर आठवड्याला सर्व संबंधितांची बैठक घेत, त्यामुळे अडलेली फाइल महिनोन्महिने पडून राहत नसे. जवळपास दोन वर्षांत पुण्यात जितकी शौचालये झाली तितकी त्याआधीच्या तीस वर्षांत झाली नव्हती. याच सुमारास मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला आणि तेथे रहिवाशांच्या संस्थेने मासिक पासाच्या पैशांतून शौचालय चालवावे अशी रचना ठेवली गेली.

या रचनेचे यश देखभालीच्या पैशांवर ठरते आणि तेथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कुटुंबाकडून दरमहा माफक वर्गणी घेऊन सफाई कामगाराचा पगार, फिनेल, दिवे आणि किरकोळ दुरुस्ती निभावता येते. परंतु टाकी उपसणे, मलवाहिनी बदलणे किंवा इमारत नव्याने उभारणे वर्गणीतून होत नाही, होणारही नाही. इमारतीत राहणारा नागरिक शहराच्या मलनिस्सारणाचा भांडवली खर्च स्वतः उचलत नाही, तो शहर उचलते. तोच नियम वस्तीला लावण्याऐवजी ‘लोकसहभाग’ या गोंडस शब्दाआड सारा भार सर्वांत गरीब माणसावर टाकणे ही पालिकेची जबाबदारीतून सुटका आहे.

५. भांड्याखाली काय आहे?

शौचालय मोजताना सरकारी अहवाल भांडी मोजतो, पण आरोग्याच्या दृष्टीने भांड्याखाली काय आहे हे अधिक महत्त्वाचे असते. खेड्यात किंवा मोकळ्या जागेत दोन खड्ड्यांचे शौचालय उत्तम चालते: एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत निरुपद्रवी खत होऊ द्यायचे. बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभने १९७० पासून हीच पद्धत देशभर नेली. मुंबईच्या खाजणावरील किंवा टेकडीच्या कातळावरील वस्तीत मात्र खड्ड्याला जागाही नसते आणि पाणी मुरायला मातीही नसते, म्हणून तेथे सेप्टिक टाकी येते.

सेप्टिक टाकी म्हणजे बंद हौद. त्यात घट्ट मैला तळाशी बसतो, हवेविना जगणारे जिवाणू त्याचे हळूहळू विघटन करतात आणि वरचे पाणी पुढे वाहून जाते. हे पाणी दिसायला निवळलेले असले तरी जंतूंनी भरलेले असते, म्हणून ते शोषखड्ड्यात मुरवणे किंवा मलवाहिनीत सोडणे अपेक्षित आहे. वस्तीत ते उघड्या नाल्यात जाते, आणि त्याच नाल्यातून पिण्याच्या पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात. पहिल्या भागात पाहिलेली चिरलेली नळी आणि ही टाकी एकाच गल्लीत समोरासमोर असतात. पाणी खाते आणि मलनिस्सारण खाते मात्र वेगवेगळ्या टेबलांवर त्यांचा विचार करते.

तळाशी बसलेला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो न उपसल्यास टाकी फक्त वरून आत आणि आतून बाहेर जाणारी वाट होऊन राहते. बहुतेक शहरांत टाकी तुंबून वाहू लागल्यावरच गाडी बोलावली जाते, आणि अरुंद गल्लीत ती शिरतच नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावांनी वेगळा मार्ग धरला: गावातील प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या वेळापत्रकाने उपसायची, त्याचा खर्च घरटी वेगळा न मागता करातून भागवायचा आणि उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. तक्रारीची वाट न पाहणारी ही पद्धत साधी आहे, म्हणूनच तिचे मोल मोठे आहे.

जेथे यंत्र पोहोचत नाही तेथे माणूस उतरवला जातो, आणि हा या विषयातील सर्वांत लाजिरवाणा भाग आहे. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारात आणि टाकीत माणूस उतरवण्यास मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मृत्यू तरीही होत राहिले. मरणारे जवळजवळ नेहमीच दलित कामगार असतात आणि नेमणूक ठेकेदाराची असल्याने पालिका हात वर करते. ज्या टाकीत यंत्राची नळी पोहोचणार नाही अशा टाकीला परवानगीच मिळू नये, हा नियम बांधकामाच्या वेळीच पाळला गेला, तर उतरण्याची वेळ पुष्कळ ठिकाणी येणार नाही.

६. कागद

तंत्र ठाऊक आहे आणि अनेकदा निधीही असतो, तरीही नळ येत नाही, याचे कारण कागदात सापडते. घर अनधिकृत असेल तर त्याला सोयी देणे म्हणजे अतिक्रमणाला मान्यता देणे, या समजुतीतून महाराष्ट्रात आधी १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० अशा तारखा पाण्याच्या हक्काशीही जोडल्या गेल्या आणि त्यानंतर आलेल्या कुटुंबांना अधिकृत नळजोडणी नाकारली गेली. तहान तारखेने थांबत नसल्याने पाणी आले ते चोरजोडणीने, मध्यस्थाला पैसे देऊन, गटारातून ओढलेल्या नळीने. म्हणजे नाकारण्याच्या धोरणाने पाण्याचा वापर थांबला नाही, फक्त पाणी महाग आणि दूषित झाले, आणि त्याच वाहिनीवरील अधिकृत ग्राहकांचेही पाणी बिघडले.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये या धोरणाला छेद दिला. संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात पिण्याच्या पाण्याचा हक्क येतो आणि बांधकाम बेकायदा असल्याच्या कारणाने तो हिरावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अधिकृत बांधकामांच्या बरोबरीने पुरवठा मागता येणार नाही, असेही त्यात नमूद होते. मुंबई महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण त्यानंतर मे २०२२ मध्ये आले. केंद्र सरकारच्या जमिनीवरील वस्त्यांत ना-हरकत दाखल्याचा अडथळा वेगळाच असतो.

इतर शहरांनी हीच गाठ आपापल्या परीने सोडवली. अहमदाबादने १९९० च्या दशकात वस्त्यांना घरोघर नळ, संडास आणि मलवाहिनी देताना प्रत्येक कुटुंबाकडून सुमारे दोन हजार रुपये घेतले आणि बदल्यात दहा वर्षे वस्ती हलवणार नाही अशी हमी दिली. मालकी नव्हती, पण घर पुढच्या वर्षी तुटणार नाही हे कळल्यावर लोक स्वतःचे पैसे घालू लागले. ढाक्यात दुःस्थ स्वास्थ्य केंद्र या संस्थेने वस्तीसाठी हमीदार म्हणून उभे राहून जोडण्या मिळवल्या, बिले नियमित भरून दाखवली, आणि काही वर्षांनी तेथील पाणीपुरवठा मंडळ वस्तीतील लोकांना थेट जोडणी देऊ लागले. गरीब बिल भरत नाही, ही समजूत बिलच न देण्यातून जन्मलेली असते.

७. गल्ली कोणाची?

कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने कामाची एक स्पष्ट वाटणी सुचवली. घरातील संडास, गल्लीतील मलवाहिनी आणि तिला मिळणारी मोहल्ल्याची वाहिनी हा आतला भाग लोकांनी स्वतःच्या पैशांतून, अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली करावा, आणि मोठ्या मुख्य वाहिन्या व प्रक्रिया केंद्र हा बाहेरचा भाग सरकारने करावा. वीस-तीस घरांची एक गल्ली हे संघटनेचे एकक होते, कारण तेवढी घरे एकमेकांना ओळखतात आणि कोणी पैसे दिले नाहीत हे लपत नाही. ठेकेदार आणि दलाली वगळल्याने खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला आणि हजारो गल्ल्यांत वाहिन्या पडल्या. उणीव राहिली ती बाहेरच्या भागात: प्रक्रिया केंद्रे वेळेत न झाल्याने मैला गल्लीतून निघून नाल्यांत आणि पुढे समुद्रात गेला. लोकांनी आपला अर्धा भाग पुरा केला आणि सरकारचा अर्धा राहिला, हे ओरंगीविषयी लिहिताना झाकून ठेवता कामा नये.

पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने हीच वाटणी घराच्या पातळीवर आणली. आधी वस्तीतील प्रत्येक घराचा नकाशा आणि माहिती गोळा करायची, जवळ मलवाहिनी कोठे आहे ते त्यावर दाखवायचे, मग भांडे, दार, विटा आणि सिमेंट घरापर्यंत पोहोचवायचे आणि बांधकामाचा खर्च कुटुंबाने उचलायचा. नकाशामुळे पालिकेला प्रथमच दिसते की कोणत्या गल्लीपासून वाहिनी काही मीटरवर थांबली आहे, आणि तेवढे काम झाले तर किती घरांना स्वतःचा संडास बांधता येईल.

८. फरक दिसायला किती काळ लागतो?

शौचालय बांधले की आजार लगेच घटतील, ही अपेक्षा मोझांबिकची राजधानी मापुटो येथील एका काटेकोर अभ्यासाने तपासली. तेथे दाट वस्तीतील सामायिक वाड्यांना सेप्टिक टाकीसह नवी शौचालये दिली आणि तशी न मिळालेल्या वाड्यांशी मुलांच्या प्रकृतीची तुलना केली. एक आणि दोन वर्षांनंतर पाहता आधीपासून तेथे राहणाऱ्या मुलांच्या आतड्यांतील संसर्गात आणि जुलाबांत एकंदर फरक आढळला नाही. वाड्यातली जुनी माती, शेजारच्या वाड्यांचा मैला आणि पाण्याच्या इतर वाटा जशाच्या तशा होत्या, त्यामुळे हे अनपेक्षित मानण्याचे कारण नाही. परंतु नवी शौचालये झाल्यानंतर त्या वाड्यांत जन्मलेल्या मुलांमध्ये शिगेला हा हगवणीचा जंतू आणि चाबूककृमी यांचे प्रमाण दोन वर्षांनी स्पष्टपणे कमी होते. महापालिकेने वर्षअखेरीस बांधलेली भांडी मोजण्याऐवजी गल्लीतील नळ आणि गटार दोन्ही सुधारल्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांच्या आजारांची नोंद ठेवायला सुरुवात केली, तर आपला पैसा नेमका कोठे कामी आला हे तिला त्या नोंदीतून कळू शकेल.